खिळ्यावरचा ब्रश

लिही. पण मी सांगते तसंच लिही, मधे आपलं शहाणपण घालू नकोस. तुझ्या बापाला कारखान्याच्या भिंतीवर आत्याबद्दल चार ओळी लावायच्यात. त्याने लिहिलेल्या तू काल मला वाचून दाखवल्यास ना? "दूरदृष्टीच्या उद्योजिका." अगं, त्या बाईला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नव्हता. दूरदृष्टी कसली डोंबलाची. हट्टी होत्या. हट्टी लिही.

तर तुझी आत्याआजी म्हणजे माझी नणंद, तुझ्या आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणायचे, कारखान्यातल्या बायका ताई म्हणायच्या. मामंजी गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता मुलगा धंदा बघेल. पण तुझ्या आजोबांचा जीव त्यात कधी नव्हताच. त्यांना विचारलं काय करायचं, की ते म्हणायचे, "ताईला विचार." मग लोक ताईलाच विचारायला लागले.

कारखाना आपला म्हणायचा. एक लांबोडकी खोली, वर पत्रा, मधे टेबलं, खिडकीशी पीळ द्यायची हँडलं. ब्रश कसा व्हायचा ते लिही, हल्लीच्या पोरांना ठाऊक नसतं. दोन तारा घ्यायच्या, त्यांच्या मधे ताठ केस पसरायचे, एक टोक हुकात अडकवायचं आणि हँडल फिरवायचं. तारांना पीळ बसला की केस चहूबाजूंनी उभे राहतात, मांजर भ्यायल्यासारखे. मग कात्रीने गोल कापायचे. झाला बाटली धुवायचा ब्रश. किटलीच्या तोटीचा वेगळा, नळीचा वेगळा, दिव्याच्या काचेचा वेगळा. पण पोट भरायचं ते डेअरीच्या दुधाच्या बाटल्यांवर. निम्म्याहून जास्त माल तिकडे जायचा.

दाराजवळ खिळ्यावर एक ब्रश टांगलेला असायचा. तो नमुना. डेअरीचा प्रत्येक ब्रश त्याच्याशी ताडून कापायचा. आणि मामंजींचा एक नियम होता. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी आपल्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या त्याच नमुन्याने धुवायच्या. ते म्हणायचे, आपली बाटली ज्याने निघत नाही तो ब्रश लोकांना कोणत्या तोंडाने विकायचा? मामंजी गेले, नियम राहिला. मीही धुतल्यात त्याने बाटल्या. सगळ्यांनीच धुतल्यात.

एक दिवस डेअरीचे साहेब आले. आम्ही त्यांना मागून बाटलीसाहेब म्हणायचो, कारण त्यांच्या पिशवीत कायम एक रिकामी बाटली. साहेब म्हणाले, "ताई, आमच्याकडे बाटल्या धुवायचं मशीन बसतंय. ब्रश एका ओळीत फिरणार. तुमच्या बायका करतात तसा एक जाड, एक बारीक चालायचा नाही. सगळे सारखे हवेत, आणि आत्तापेक्षा कितीतरी जास्त हवेत."

"हाताने जमणार नाही ते," वन्सं म्हणाल्या.

"म्हणूनच आधी सांगायला आलो. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरीकडे बघतो."

ते गेले आणि खोलीत कात्र्या थांबल्या. डेअरी गेली तर कारखाना गेला, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

घरी तुझे आजोबा म्हणाले, "एक तर सगळंच मशीनवर टाक, नाहीतर नाद सोड. अर्धवट कशाला?"

समोर झाडू बनवायचा कारखाना होता, त्या झाडूवाल्याने तसंच केलेलं होतं. एकदम सगळ्याला मशीन आणून जुन्या बायकांना घरी पाठवलं होतं. वन्संनी काय करावं? दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेल्या, स्टूल मागून घेतलं आणि दिवसभर बसून राहिल्या. तो बिचारा चहावर चहा पाजतोय. बाई उठायचं नाव घेईनात. संध्याकाळी घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, त्याची अर्धी मशीनं कापडाखाली झाकलेली आहेत. त्याने आधी मशीन आणलं आणि मग विचार केला की ह्याच्याकडून काय करून घ्यायचं. माझ्याकडे एकच येईल. फक्त डेअरीचा ब्रश. बाकी सगळं हातावरच राहणार. मशीनला काय द्यायचं ते मी ठरवणार, विकणारा नाही."

कारखान्याला लागून पुढे मालाची एक लहान खोली होती, ती त्यांनी विकली आणि जुनं पण धडधाकट मशीन आणलं. आता बायकांचं ऐक. सगळ्यांत जुनी होती फणी. केस विंचरून सरळ करायचं काम तिचं, म्हणून फणी. आणि जीभही तशीच दातेरी.

"ताई," ती म्हणाली, "मशीनला चहा लागत नाही. आम्हाला लागतो. म्हणजे उद्यापासून आम्ही आपापल्या घरीच प्यायचा, असंच ना?"

"मशीनवर तू बसायचंस."

"मी? मला घरचा रेडिओ लावता येत नाही."

"म्हणूनच. तुला आलं की मग बाकी कोणाला जमत नाही म्हणायला जागा उरणार नाही."

फणी चार दिवस रुसली, पाचव्या दिवशी बसली, आणि नंतर त्या मशीनला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपेना.

मशीनचा मिस्त्री आला. हुशार माणूस, बोलायला गोड. म्हणाला, "ताई, नमुना द्या. पातं बरोबर त्याच्या मापाला लावून देतो." वन्संनी खिळ्यावरचा ब्रश काढला आणि दोन्ही हातांनी त्याला दिला, जसं काही घरातलं मूल सोपवतायत. त्याने माप घेतलं, पातं लावलं. मशीन घरघरलं आणि ब्रश पडायला लागले. एकासारखा एक. आम्ही तोंडात बोटं घातली. पहिला माल डेअरीला गेला.

आठवड्याने बाटलीसाहेब परत आले. त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. आत तळाशी दुधाचं पांढरं कडं.

"ओळीतल्या सगळ्या ब्रशांनी एवढीच घाण ठेवली," ते म्हणाले. "एका गोष्टीला मात्र मानलं पाहिजे. सगळे अगदी एकसारखे आहेत."

साहेबांनी बाटली तशीच टेबलावर राहू दिली आणि पिशवी उचलली.

"सोमवारी आमचं मशीन कायमचं सुरू होतंय. तोवर ब्रश नीट झाला तर तुमचा. नाहीतर दुसरा माणूस माल घेऊन दारात उभा आहे."

ते गेल्यावर जो तो बोलायला लागला. तुझे आजोबा म्हणाले, आजच परत पाठव ते धूड. बायकांना तर मनातून गुदगुल्या झालेल्या. बघा, हाताची सर येते का? वन्संनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

तो मापाचा चिमटा घेऊन आला. नमुना मोजला, मशीनचा ब्रश मोजला. "बघा ताई, तसूभर फरक नाही. तुम्ही जे दिलंत तेच मी केलं."

आणि खरंच होतं त्याचं. माणूस बरोबर होता, मशीन बरोबर होतं, आणि बाटली घाण होती.

वन्संनी कोपऱ्यातल्या खोक्यातून जुना, हाताने केलेला ब्रश काढला. "हा मोज."

मोजला. चांगला जाड निघाला.

"फणे, तू नमुन्याएवढाच कापतेस ना?"

"मग? इतकी वर्षं काय डोळे मिटून कापतेय?"

"कापून दाखव."

फणीने नमुना शेजारी धरला, कात्री उचलली. वन्संनी तिचा हात तसाच पकडला. "हा अंगठा मधे कशाला?"

"कशाला म्हणजे? नमुन्याच्या पुढे अंगठाभर सोडूनच कापतात."

"कोणी शिकवलं?"

"हे काय शिकवायला लागतं? नाहीतर तो ब्रश मेलेला दिसतो."

मग वन्संनी एकेकीला कापायला लावलं. कोणी अंगठा सोडत होती, कोणी दोन बोटं, कोणी नुसत्या नजरेने थोडं जास्त ठेवत होती. आणि प्रत्येकीला विचारलं की एकच उत्तर, नमुन्याएवढाच कापते.

वन्संनी नमुना हातात घेतला. मग खिडकीतल्या आमच्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघितलं. लखलखत होत्या. स्टुलावर बसल्या आणि हसायलाच लागल्या.

"अगं, बाबांचा नमुना आपण रोज संध्याकाळी घासत आलोय. तो झिजून अर्धा झाला, आणि आपले हात मनातल्या मनात त्याला केस लावत राहिले. मशीनला मन कुठलं? त्याने दिसला तेवढा कापला."

"झालं तर मग," तुझे आजोबा म्हणाले. "अंगठाभर वाढवायला सांग पात्याला."

"कोणाचा अंगठा?"

आजोबा आपलाच अंगठा बघायला लागले.

हे नीट लिही, कारण इथेच दुसरा कोणी असता तर मिस्त्रीला अंदाजाने पातं सरकवायला लावलं असतं. वन्संनी नमुना पिशवीत घालून ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, आज कोणी कशाशी ताडायचं नाही. तुमच्या हाताला योग्य वाटेल तसा डेअरीचा ब्रश करा. आणि मला डेअरीच्या रिकाम्या बाटल्या आणायला पाठवलं. त्यांत दूध विसळून त्या पत्र्यावर उन्हात वाळत ठेवल्या. दोन दिवसांत खोलीला असा आंबट वास सुटला की समोरचा झाडूवाला विचारायला आला, काय मेलंय म्हणून.

मग एकेकीचा ब्रश हँडलला लावून बाटलीत फिरवला. फणीच्या ब्रशाने बाजू अशा निघाल्या की आरसा. पण तळाच्या कोपऱ्यात कडं उरलंच; हाताने धुताना ब्रश तिरका करून तिथे पोचता यायचं, हँडलवर तो सरळच फिरायचा. दुसरीचंही तेच. तिसरीचंही. शेवटी आमची घाईबाई. तिला कायम घरी पळायची घाई, म्हणून घाईबाई. ब्रशाच्या टोकाचा झुपका कापायला ती कधी थांबायचीच नाही, तसाच वाकडातिकडा सोडायची. फणी तिला रोज त्यावरून बोलायची.

"हा नको लावू ताई," फणी म्हणाली. "टोक बघ त्याचं. झोपेतून उठल्यासारखं."

लावला. तो विस्कटलेला झुपका तळाला टेकला, पसरला आणि कोपऱ्याकोपऱ्यात शिरला. बाटली बाहेर काढली तर कड्याचं नाव नाही.

घाईबाई म्हणाली, "बघा. मी म्हणतच होते."

"तू काय म्हणत होतीस?" फणी म्हणाली. "तू तर चप्पल घालत होतीस."

हसणं ओसरल्यावर मिस्त्रीने मान हलवली. "ताई, अंग फणीबाईंच्या मापाचं करून देतो. पण हा झुपका माझ्या मशीनला जमणार नाही. पातं सरळ फिरतं. त्यासाठी वेगळा भाग करून घ्यावा लागेल, आणि त्याला काही महिने जातील."

सोमवार तर तोंडावर आलेला. तुझ्या आजोबांनी सुस्कारा सोडला. वन्सं मात्र टेबलं सरकवायला लागल्या होत्या.

"मशीनने अंग करायचं," त्या म्हणाल्या. "शेजारच्या टेबलावर हाताने टोक बांधायचं. घाईबाई, तू सगळ्यांना दाखव, न कापता कसं सोडायचं ते. फणे, तू मशीनवर. दाराजवळ कोणी बसायचं नाही, तिथून माल बाहेर जाईल."

"आणि माझ्या टेबलावर टोक बांधायला आणखी हात लागतील," घाईबाई म्हणाली.

"मग बहिणीला आण."

असं झालं ते. ज्या मशीनने बायका घरी जाणार होत्या त्याने एक वाढली. ते सगळे दिवस वन्सं स्वतः टेबलांच्या मधे उभ्या. एक ब्रश जरी वाकडा दिसला तरी परत. फणीने दोनदा राजीनामा दिला, वन्संनी दोनदा तिला चहा दिला.

सोमवारी सकाळी बाटलीसाहेब यायच्या आधी आम्ही माल बांधून ठेवला होता. ते आले तेव्हा वन्संनी काही समजावलं नाही. वाळलेल्या दुधाची बाटली त्यांच्या हातात दिली आणि हँडल दाखवलं. "तुम्हीच फिरवा."

साहेबांनी बाह्या वर केल्या, फिरवलं. बाटली उजेडाला धरली. 

"अजून एक द्या," ते म्हणाले.

दुसरी दिली. तिसरी त्यांनी स्वतः उचलली. मग बाह्या खाली केल्या. "माल गाडीत चढवा. आणि हा ब्रश मी नमुना म्हणून नेतो."

"तो वापरलेला झाला," वन्सं म्हणाल्या. "वापरलेला नमुना आम्ही आता कोणाला देत नाही. हा कोरा न्या."

दुसरा कोरा त्यांनी काचेच्या बरणीत घालून झाकण लावलं. मामंजींचा नियम मोडला नाही हं. संध्याकाळच्या बाटल्या अजून धुतात, पण त्या दिवशीच्या मालातल्या ब्रशाने. बरणीतल्याला कोणी हात लावत नाही. खिळ्यावरचा जुना तिथेच आहे, शोभेला.

पुढे डेअरीने काचेच्या बाटल्या सोडल्या, पिशव्या आल्या. तेव्हा लोकांना वाटलं आता संपलं ह्यांचं. पण तोट्या, नळ्या, दिव्याच्या काचा, सगळे हातावरचे ब्रश वन्संनी जिवंत ठेवले होते. त्यातल्याच नळीच्या ब्रशाने पुढे कारखाना चालला. त्यासाठी दुसरं मशीन आणलं तेव्हाही आधी बरणी लपवली, सगळ्यांकडून न ताडता ब्रश करून घेतले, आणि मग मिस्त्रीला बोलावलं. शेवटपर्यंत तसंच. एकदा मी म्हटलं, "वन्सं, आता तरी त्या बरणीवर विश्वास ठेवा." तर म्हणाल्या, "वहिनी, बरणीतला ब्रश झिजत नाही. पण बाहेर नळ्या बदलतात ना."

एवढं लिहिलंस? बरं. आता तुझ्या बापाचं ते कॉम्प्युटरचं मशीन पुढच्या आठवड्यात येतंय. त्याने बरणीतल्या नमुन्याचे फोटो काढून पाठवलेत म्हणे त्या मशीनवाल्यांना. ब्रश आत्ता ज्या नळ्यांत जातो त्यातली एक तरी त्याने घरी आणून बघितलीय का? ते "दूरदृष्टीच्या" आधी खोड. मग जा, त्याला हाक मार, आणि म्हणावं येताना नळी घेऊन ये.