बऱ्हाणपूरचं कार्ड धुळ्यात

आम्ही बऱ्हाणपूरहून धुळ्याला राहायला आलो आणि महिनाभरात सासूबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचं आयुष्मान कार्ड मध्य प्रदेशातलं, म्हणून मी दवाखान्यात ते पर्समधून काढलंच नव्हतं. योजनेच्या खिडकीवरच्या बाईंनीच विचारलं, “अक्का, कार्ड शे का?”

मी चाचरत पुढे केलं. “पण हे तिकडचं आहे.”

“राज्य बदललं तरी कार्ड चालतं,” त्या म्हणाल्या. खाटेपाशी येऊन त्यांनी सासूबाईंचा अंगठा घेतला आणि मंजुरी येईपर्यंत पाठपुरावा केला. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं.

सुट्टी मिळाली तेव्हा सासूबाईंनी चाकाची खुर्ची खिडकीपाशी थांबवायला लावली आणि त्या बाईंचा हात आपल्या कपाळाला टेकवला. मला मात्र नुसतं “येते” एवढंच म्हणता आलं.