डेलमर विझ्नरचं पिवळं फडकं

डेलमर विझ्नरने गेल्या अकरा वर्षांत स्वतःच्या गाडीची चाकं एकदाही पुसलेली नाहीत. तरीही सेंट क्लेअर नदीच्या आमच्या, म्हणजे मिशिगनच्या काठावर त्याच्याइतकी चकचकीत चाकं दुसऱ्या कुणाची नाहीत. ती पुसणारी माणसं दर वर्षी वेगळी असतात आणि आपल्या पायांनी चालत येतात.

जुलैत आमच्या नदीकाठच्या बागेत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. मालक गवतावर गाडी लावतात, बॉनेट उघडून ठेवतात आणि मागे घडीच्या खुर्चीत बसतात. डेलमरही बसतो. वय एकाहत्तर, अंगाने लांबच लांब, डोक्यावर बियाण्यांच्या दुकानाची फुकट मिळालेली टोपी. त्याची गाडी चौसष्ट सालची पाँटिॲक लॉरेन्शियन, रंग फिकट निळा. समोरून पाहिलं तर आमच्याकडच्या कुठल्याही पाँटिॲकसारखी. पण ती कॅनडात, कॅनडातल्या लोकांसाठी बनलेली. त्या काळी तिकडच्या कारखान्यात पाँटिॲकच्या अंगाखाली शेव्हरोलेचा अरुंद सांगाडा घालत आणि इंजिनही शेव्हरोलेचंच बसवत. आमच्या बाजूला तसं कधी केलं नाही. ज्याला हे ठाऊक नसतं तो बॉनेटखाली डोकावतो आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरतो.

"तुमचं इंजिन चुकीचं आहे हो," तो म्हणतो.

"असं म्हणता?" डेलमर टोपी मागे सरकवतो. "मला तर बुवा काही कळत नाही यातलं."

"कुणीतरी फसवलंय तुम्हाला. हे शेव्हरोलेचं इंजिन. पस्तीस वर्षं गाड्या बघतोय मी."

"मग आपण असं करू. तुमचं खरं निघालं तर तुमच्या गाडीची चारही चाकं मी पुसतो. माझं खरं निघालं तर तुम्ही माझं एक पुसा."

माणूस हसून हात पुढे करतो. डेलमर गाडीच्या खणातून कारखान्याचा जुना कागद काढतो, तो वाचून होईपर्यंत शांत बसतो, आणि मग मागच्या खिशातून पिवळं फडकं काढून त्याच्या हातात देतो. गेल्या साली ओहायोचे एक निवृत्त दंतवैद्य पुढच्या डाव्या चाकाशी गुडघे टेकून चाकाचं चकचकीत झाकण घासत होते, तेव्हा डेलमरने खुर्चीतूनच बोट दाखवलं होतं. "डॉक्टर, तिथे कडेला राहिलंय. कडेलाच कीड लागते, तुम्हाला काय सांगायचं."

त्याची बायको अर्लीन या सगळ्याकडे दुरून पाहत असे. एकदा माझ्याशेजारी बसून ती म्हणाली, "साबी, माझ्या आजीचे चांदीचे चोवीस चमचे आहेत घरी. काळे ठिक्कर पडलेत. याला म्हटलं की याचे हात दुखतात."

साबी म्हणजे मी. आडनाव सबनीस, पण डेलमरने पहिल्याच दिवशी ते कापून लहान केलं. मी त्याच्या शेजारच्या घरात शहात्तर सालापासून राहतो. त्याआधीची आठ वर्षं नदीपलीकडे, कॅनडात, सार्नियाला एका कारखान्यात नकाशे काढत होतो. ही आठ वर्षं पुढे येतील, म्हणून आताच सांगून ठेवतो.

कॅनडाच्याच गाड्यांचं याला एवढं वेड का, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, लहानपणी वडील पुलावरून पलीकडे मासे घ्यायला न्यायचे. पलीकडे उतरलं की गाड्या बदलायच्या. म्हणजे बदलायच्या नाहीत, पण नाक तेच आणि नाव वेगळं, नाहीतर नाव तेच आणि शेपूट वेगळी. "आपला जुळा भाऊ दुसऱ्या घरी वाढला आणि एक दिवस अचानक दारात उभा राहिला, तर तू त्याच्याकडे बघत बसशील की नाही? तसा मी बघायचो. वडील मासे घेऊन गाडीत बसलेले असायचे आणि मी रस्त्यावर."

आता लॉरेन्शियनच्या स्पीडोमीटरचं सांगतो. डेलमरने गाडी घेतली तेव्हा तो मोडलेला होता. चौदा महिने पत्रं लिहून, फोन करून त्याने दुसरा मिळवला. मला हाक मारून गॅरेजमध्ये नेलं आणि दिवा लावला. काटा नवा कोरा, आणि आकडे किलोमीटरचे.

"बघ," तो म्हणाला. "आता ही नखशिखान्त कॅनडाची झाली."

मी पाहिलं. सार्नियातली माझी आठ वर्षं सगळी मैलांत गेली होती. रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या, माझ्या जुन्या गाडीचा काटा मैलांचा. किलोमीटर तिकडे आले ते मी नदी ओलांडून आल्यानंतर. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो इतका खूश होता की म्हटलं, उद्या सांगू. उद्या वाटलं, कदाचित आपलीच आठवण चुकत असेल. मग तो प्रदर्शनात लोकांना मुद्दाम तो काटा दाखवू लागला, आणि मला तोंड उघडायला जागाच उरली नाही. अशी सहा वर्षं गेली.

गेल्या वसंतात त्याला बोमाँटचा पत्ता लागला.

बोमाँट ही गाडी अमेरिकेत कधी विकलीच गेली नाही. अंग शेव्हरोलेच्या शेव्हेलचं, चेहरा पाँटिॲकचा, आणि नाव दोघांपैकी कुणाचंच नाही. लहानपणी पुलाच्या तोंडाशी डेलमरने पाहिलेली पहिली परकी गाडी तीच होती, सहासष्टची, गडद हिरवी. आणि नेमकी तशीच, पलीकडे पेट्रोलियाजवळ एका शेतावरच्या कोठारात तीस वर्षं उभी होती. मालकीण विनिफ्रेड टॅनफील्ड, वय शहाऐंशी. चार अमेरिकन तिच्याकडे जाऊन हात हलवत परत आले होते. पैशांवरून नाही. माणूस पसंत नाही म्हणून.

"ती मला मिळाली नाही ना साबी, तर मी पुन्हा गाडी शोधणार नाही," डेलमर म्हणाला. तो थट्टा करत नसला की त्याचा आवाज बारीक होतो. तेव्हा तो बारीक झाला होता.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही पूल ओलांडला. डेलमरने मुद्दाम लॉरेन्शियन काढली होती. "तिला दिसू दे," तो म्हणाला, "की मी गाडी कशी जपतो. जशीच्या तशी. एक स्क्रू इकडचा तिकडे नाही." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मिसेस टॅनफील्ड अंगणात काठी घेऊन उभ्या होत्या. पायांशी कोंबड्या. त्यांनी आम्हाला आधी कोठारात नेलं आणि चादर ओढली. गाडी धुळीखाली हिरवी होती. डेलमरने टोपी काढली. काही बोलला नाही.

"मला वाटलं, तुम्ही आता सुरू कराल," बाई म्हणाल्या.

"काय?"

"भाषण. पहिला आला होता, तो म्हणाला ही खरं तर शेव्हेलच आहे. म्हटलं, मग शेव्हेल घ्या की, तुमच्याकडे ढिगाने आहेत. दुसरा म्हणाला, हिच्यात मोठं इंजिन टाकतो. तिसऱ्याने मला अर्धा तास समजावलं की माझ्या नवऱ्याकडे कुठली गाडी होती."

"आणि चौथा?" मी विचारलं.

"त्याला सगळं बरोबर माहीत होतं. पण माझे टार्ट खाल्ले नाहीत त्याने. मनुका आवडत नाहीत म्हणाला."

डेलमरने बाहेर येऊन मनुका घातलेले दोन टार्ट, म्हणजे गोड सारणाच्या खुसखुशीत वाट्या, उभ्या उभ्या खाल्ले. मग तो त्यांना लॉरेन्शियनकडे घेऊन गेला. बाईंनी गाडीभोवती चक्कर मारली, खाली वाकून खोल आत बसलेली चाकं पाहिली आणि मान हलवली. "लॉर्नच्या भावाकडे होती अशी. चाकं अशीच, जणू कुणाची तरी पँट ढगळ झालीय." लॉर्न म्हणजे त्यांचे यजमान. ते या भागात टपाल वाटत.

डेलमरचा चेहरा फुलला. त्याने दार उघडलं. "बसा ना. आत सगळं तसंच आहे."

बाई स्टिअरिंगमागे बसल्या. मग आतून विचारणा झाली, "हे काय आहे?"

"स्पीडोमीटर. किलोमीटरचा, मूळचा. चौदा महिने शोधला."

"कुठे मिळाला?"

"स्वित्झर्लंडला."

"आणि आमचा स्पीडोमीटर स्वित्झर्लंडला कशाला गेला होता?"

"नाही, म्हणजे, तुमच्याकडे किलोमीटर..."

"सत्त्याहत्तरपासून. त्याआधी मैल. लॉर्न रोज बावन्न मैल टपाल वाटायचा. पाट्या बदलल्या तेव्हा संध्याकाळी येऊन म्हणाला, विनी, माझं काम एका रात्रीत वाढलं, बावन्नाचे चौऱ्याऐंशी झाले. तो जाईपर्यंत त्या पाट्यांना शिव्या देत होता." त्या पुढे वाकल्या. "कारखान्याने बाहेरदेशी विकायला पाठवलेल्या एखाद्या गाडीतला हा काटा तुम्ही मागवलात. पाँटिॲकचा खरा, पण कॅनडाचा नाही."

डेलमर हळूहळू माझ्याकडे वळला. मी एका तांबड्या कोंबडीकडे पाहत होतो.

"या गृहस्थांना ठाऊक होतं वाटतं," बाई म्हणाल्या.

"साबी?"

"हो," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"तू बसवलास तेव्हापासून."

मला वाटलं आता तो वाद घालेल, कारण ओहायोच्या दंतवैद्यांनीही आधी वीस मिनिटं घातला होता. हिरवी बोमाँट वीस पावलांवर होती आणि त्याला तिच्याशिवाय परत जायचं नव्हतं. चौघांना घालवून दिलेल्या बाईसमोर आपण काही जाणत नाही हे कबूल करणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने मागच्या खिशात हात घातला आणि पिवळं फडकं काढलं.

"आमच्याकडे एक रीत आहे," तो म्हणाला. "म्हणजे माझीच आहे. इंजिन ओळखताना जो चुकतो त्याने दुसऱ्याच्या गाडीचं एक चाक पुसायचं."

"आतापर्यंत किती जणांनी पुसलं तुमचं?"

"चाळीसेक."

"आणि तुम्ही?"

"आज पहिल्यांदा."

बाईंनी जरा विचार केला. "गाडीतलं इंजिन ओळखता आलं नाही तर एक. स्वित्झर्लंडहून मागवलं असेल तर चार."

"तीन माझी," डेलमर म्हणाला. "चौथं याचं. सहा वर्षं तोंड न उघडल्याबद्दल."

ते न्याय्यच होतं.

आम्ही कोठारात गुडघे टेकले. तीस वर्षांची धूळ, वर कोंबड्यांची कृपा. बाईंनी मला घरातून खुर्ची आणायला लावली आणि काठी मांडीवर ठेवून बसल्या. डेलमर दुसऱ्या चाकावर असताना त्यांची काठी उचलली गेली. "कडेला राहिलंय."

"हो बाई," डेलमर म्हणाला आणि कडेने पुन्हा घासलं. ते वाक्य त्याचं होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चौथं झाकण माझ्या हाताखाली चकाकलं तेव्हा डेलमर उठायला गेला आणि गुडघा अडकला. त्याने बोमाँटच्याच मडगार्डला हात धरून स्वतःला वर ओढलं. मग हात तिथेच ठेवून उभा राहिला. "मला ही हवी होती," तो म्हणाला. "पण तुम्ही नाही म्हणालात तर समजून घेईन."

"चौघांना सगळं माहीत होतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं आणि तुम्ही खाली बसलात. घेऊन जा. दोन अटी आहेत. तुमच्या निळ्या गाडीतला तो स्विस काटा काढायचा नाही. आणि जुलैत माझ्यासाठी तिथे एक खुर्ची ठेवायची."

बोमाँट मागाहून ट्रकवर चढून यायची होती. परतताना पुलावर अधिकाऱ्याने विचारलं, काय आणलंत.

"सहा टार्ट," डेलमर म्हणाला.

"आणखी?"

"हा मित्र. पण हा जातानाही माझ्याबरोबरच होता, म्हणून परत घ्यावा लागतोय."

घर येईपर्यंत तेवढंच बोलणं झालं. दारात त्याने मला तीन टार्ट दिले, तेव्हा कळलं की राग गेला.

जुलैत दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या, निळी आणि हिरवी. मागे तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीत मिसेस टॅनफील्ड, डोक्यावर गवती टोपी. इंडियानाचे एक गृहस्थ लॉरेन्शियनच्या इंजिनाशी वाकले, त्यांचा चेहरा उजळला आणि ते बोलणार तेवढ्यात बाई डेलमरच्या कानाशी म्हणाल्या, "हा माझा." दहा मिनिटांनी इंडियाना गुडघ्यावर होतं.

दुपारी अर्लीन आली. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तिने लॉरेन्शियनच्या खिडकीतून आत पाहिलं, अगदी सावकाश, आणि मान वळवली.

"डेलमर, एक विचारू? चौसष्ट सालच्या कॅनडाच्या गाडीत किलोमीटर कसे?"

डेलमर खुर्चीत सरळ झाला. "तुला कुणी सांगितलं?"

मिसेस टॅनफील्ड लिंबू सरबत पीत नदीवरच्या एका जहाजाकडे पाहत होत्या.

"रीत म्हणजे रीत," अर्लीन म्हणाली.

"तुझ्याकडे गाडी कुठाय पुसायला?"

"नाही ना." तिने डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि झाकण उघडलं. आत चोवीस चमचे होते, काळे ठिक्कर. तिने वरून एक उचलून उन्हात धरला, म्हणजे किती काळे आहेत ते सगळ्यांना दिसावं.

डेलमरने चमच्यांकडे पाहिलं, मग पिवळ्या फडक्याकडे. मग त्याची नजर माझ्यावर आली. या वेळी आसपास एकही कोंबडी नव्हती.

"साबी," तो म्हणाला, "सहा तुझे."

मी खुर्ची पुढे ओढली.