शिडाच्या कापडाची गाडी

धर्मा मिस्त्रींनी माझं नाव विचारायच्या आधी माझं वजन विचारलं. मी बावन्न किलो सांगितलं. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि गवताच्या वखारीतल्या काट्याकडे बोट केलं. "तुमी सांगता. मी बगतो. पिशवी घेऊन बसा." मुंबईला जाणाऱ्या गवताच्या गासड्या जिथं मोजत, तिथं मी, चांगली शिकलेली नर्स, पिशवी मांडीवर घेऊन बसले. काटा अठ्ठावन्नावर थांबला. मिस्त्रींनी आकडा पाटीवर लिहिला. हा माणूस मला आवडणार नाही हे मी तिथंच ठरवून टाकलं.

तेव्हा, म्हणजे साठनंतरच्या त्या वर्षांत, मी पालघरच्या एका धर्मादाय दवाखान्यात होते. दवाखान्याला एक जुनी पिकअप गाडी मिळाली होती. तिच्या पाठीवर लाकडी खोली बसवून पाड्यापाड्यांवर फिरायचं, असं डॉक्टरांच्या मनात होतं. खोलीत औषधांचं कपाट, पाण्याची टाकी आणि एक खाट. ती खाट माझी मागणी होती. त्या पावसाळ्यात मनोरच्या पलीकडून एक अडलेली बाई झोळीतून आणताना वाटेतच गेली होती. तिला झोळीतून उतरवून घेणारे हात माझे होते. तेव्हा बाकी काहीही काढा, खाट राहिलीच पाहिजे, असं मी सगळ्यांना बजावलं होतं.

तारापूरकडे विजेच्या केंद्राचं मोठं बांधकाम निघाल्यामुळे बोईसरचे सुतार झाडून सगळे तिकडे गेले होते. म्हणून दातिवऱ्याहून धर्मा मिस्त्री आले. जन्मभर होड्या बांधलेला माणूस. फळी घ्यायची तर आधी ठोकून, कान लावून बघायचे. चहात साखर घातली आहे म्हटलं तरी चमच्याने तळ ढवळून खात्री करायचे. गाडी पाऊण टन वजन उचलेल असं कागदावर होतं, तर म्हणाले, "कागद लिवनारा गाडीत बसनार हाय का?" त्यांचा विश्वास स्वतःच्या चार बोटांवर. सगळा भार चढल्यावर मागचं चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये आडवी चार बोटं गेली पाहिजेत, नाहीतर खड्ड्यात स्प्रिंगचे पाटे तुटणार.

खोली मात्र देखणी झाली. होडीसाठी राखलेल्या सागाच्या जाड फळ्या, एकात एक अशा बसवलेल्या की सुई जाणार नाही. मग डॉक्टर, लक्ष्मण ड्रायव्हर, मी, औषधं, पाणी, खाट, तिच्यावर रोग्याच्या जागी भाताचं पोतं, सगळं काट्यावरून आत गेलं. पाटीवरची बेरीज पाऊण टनाच्या आतच होती. मिस्त्रींनी चाकावर हात घातला. दोनच बोटं गेली.

झालं! मिस्त्रींची नजर फिरली. कोणीतरी लबाडी केली होती. त्यांनी लक्ष्मणची सीट उचकटली, डॉक्टरांची बॅग उघडायला लावली आणि शेवटी माझी पेटी. तिच्या तळाशी माझा स्टोव्ह निघाला. तो मी मोजायचा चुकवला होता, कबूल आहे. पाड्यावर पाणी उकळायला चूल शोधत कोण फिरणार? मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. स्टोव्ह बाहेर आला, तरी बोटं दोनच.

"खाट काडा," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मिस्त्री, माणसांना चढवलंत, भाताच्या पोत्याला चढवलंत. तुमच्या या खोलीला चढवलंत का काट्यावर?"

ते हसले. खुळीच आहे बाई, असं ते हसू. "होडीचं वजन कोन धरतो, बाय? होडीला तर पानीच..."

त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं. खाली पाणी नव्हतं. वखारीचं कोरडं अंगण होतं आणि दबलेले पाटे होते. बराच वेळ ते सागाच्या भिंतीवरून हात फिरवत राहिले. मला आता माझ्या बोलण्याची लाज वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातांनी सगळ्या फळ्या उतरवल्या आणि काट्यावर चढवल्या. आकडा लिहून पाटी माझ्यासमोर धरली. "बाय, सगल्यांवर संशय घेतला. माज्यावर नाय घेतला." मग बांबूचा सांगाडा उभा राहिला आणि त्यावर तेल पाजलेलं शिडाचं कापड. दिसायला तमाशाच्या तंबूसारखं ध्यान! पण आत खाट होती आणि चाकावर चार बोटं जात होती. माझा स्टोव्हही त्यांनी स्वतःच आत ठेवला. पंधरवड्यात त्याच खाटेवरून मनोरपलीकडची एक अडलेली बाई आम्ही खाली आणली. दोन जीव सुखरूप राहिले. मी मिस्त्रींना निरोप धाडला, तर उलट विचारणा आली: पाटे बघितले का?

तीनेक वर्षांनी दातिवऱ्याहून बोलावणं आलं. धर्मा मिस्त्रींची छाती भरली होती. लक्ष्मणने आणि मी त्यांना उचललं, पण खरं तर एकजणही पुरला असता. खाटेवर टेकताच त्यांनी डोळे उघडले. "टाकीत पानी किती?"

अर्धं काढलंय, मी म्हटलं. खरोखरच काढलं होतं.

"तुमी सांगता," ते पुटपुटले.

मी टाकी वाजवून दाखवली. खालून भरीव आवाज आला, वरून पोकळ. त्यांनी तो कान देऊन ऐकला. मग आडवी चार बोटं वर केली. मी खाली उतरले, चाकावर हात घातला आणि परत येऊन सांगितलं, "पाच जातात, मिस्त्री."

या वेळी त्यांनी काही तपासलं नाही. मान हलवली आणि डोळे मिटले. पालघर यायच्या आत ते गेले. जन्मभर कुणाच्या शब्दावर न विसंबलेल्या माणसाने शेवटी माझा शब्द धरला, आणि तो खरा होता, एवढं समाधान मला आहे.