नात्याबाहेरचं माणूस

नव्याच्या सणाआधीचा, म्हणजे आमच्या ज्यू नववर्षाआधीचा रविवार, ठाणे. हजर: मी, मावशी, कल्याणहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका, आणि फोनच्या पडद्यावर फेलोशिपच्या संपादक. गैरहजर: ताई. लग्न होऊन इस्राएलला गेली तेव्हापासून तिचं नाव याच रकान्यात असतं.

ज्यू विषयांवर लिहिणाऱ्या पत्रकारांसाठीची ही फेलोशिप मिळाली, तेव्हा मी डोंबिवलीच्या कारखान्यांच्या बातम्या करत होते. शेवटचा लेख मी निवडला तो मागे राहिलेल्यांवर. घरचं माणूस इस्राएलला गेलं, तर इथल्यांना काय वाटतं? प्रश्न लिहून झाले होते, रेकॉर्डर चार्ज होता. अट एकच: मुलाखत नातेवाइकाची नको. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, इथे उरलोय मूठभर. नात्याबाहेरचं कुणी शोधताना मी थेट कल्याण गाठलं होतं.

टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवाचं काम चालू, त्यामुळे बाई रिक्षा लांब सोडून चालत आल्या. मावशी सणासाठी गव्हाच्या चिकाचा हलवा घाटत होती.

"माहेर कुठलं गं तुझं?" मावशीने बाईंना विचारलं.

"रेवदंडा."

"वाडीतलं घर? विहिरीला लागून?"

"तेच! तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, मग तुझी आई माझ्या सासरची. तुझा मामा माझा चुलत दीर!"

"मावशी, गप्प बस ना. माझा लेख गेला."

"जाऊ दे गेला तर. हलवा खाली लागतोय, कालथा धर." आणि तिने बाईंना मिठीच मारली.

संपादकांना मराठी कळत नव्हतं, पण मिठी कळली. हसून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मग नातं लेखात उघड सांग. आणि तुझ्या घरचं कोण गेलंय, त्यांच्याशीही बोल."

मी कालथा फिरवत राहिले. हा हलवा एकटीचं काम नाही. नारळाचं दूध आटत आलं की हात भरून येतो. तेव्हा ताई मागून येऊन कालथा काढून घ्यायची. "हो बाजूला, काडी पैलवान." हात भरून आला की मी अजून मागे बघते.

बाईंचा मुलगा तिकडे आहे. त्या मोकळेपणाने बोलल्या. शेवटचा प्रश्न मी सवयीने विचारला, "त्याने परत यावं असं वाटतं?"

"वाटतं की. पण त्याला विचारलं नाही कधी. नाही म्हणाला तर?"

ताईचा फोन दर शुक्रवारी येतो, शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत. गुडघे, भाज्यांचे भाव, मुलांचे अभ्यास, सगळं बोलून होतं. तिने मागितली म्हणून मी हलव्याची कृतीसुद्धा नीट लिहून पाठवली. परत येशील का, हा प्रश्न मात्र मी तिला एकदाही विचारलेला नाही.

बाईंची मुलाखत उतरवून झाली. हलव्याच्या वड्या पाडून झाल्या, बाईंना डबा भरून दिला. संपादकांना अर्धा लेख गेला.

राहिलं: ताईला विचारणे.