उपडं धरलं की चालू होतं

बाजारातले लोक तिला तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठ वळली की लवंगी. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं नावच तिला जास्त पटायचं. ताई काय, कोणीही असतं.

पन्नाशीला टेकलेली, काटकुळी बाई. सतरा वर्षं तिने एका कारखान्यात कानाची यंत्रं दुरुस्त केली होती. तांदळाच्या दाण्याएवढे भाग, केसाएवढ्या तारा, आणि हात असा स्थिर की शेजारच्या टेबलावरच्या बायका बघायला यायच्या. मग मालकाने फर्मान काढलं, उघडत बसू नका, गिऱ्हाइकाला सरळ नवं यंत्र द्या. वर्षभरात दुरुस्तीचा विभागच बंद झाला. त्या मालकाबद्दल तिने पुढे अवाक्षर काढलं नाही. थुंकीसुद्धा वाया घालवू नये अशी काही माणसं असतात, एवढंच तिचं मत.

तेव्हा थोरल्या भावाने तिला आपल्या दुकानात बसवलं. जुन्या काळचे व्हिडिओ गेम खेळायची, हातात मावणारी नवी यंत्रं दादा विकायचा. लवंगी त्यांना डबडी म्हणायची. पहिल्या मजल्यावरचं अरुंद दुकान, पुढे दादाचा काउंटर, मागे काचेच्या आडोशाला तिचं टेबल. भिंगाचा दिवा, चिमटे, डाग द्यायची सोल्डरिंगची लेखणी, स्पिरिटची बाटली आणि टेबलावर पसरलेली निळी रबरी चटई. त्या काचेमागून ती जगाकडे बघायची आणि जग तिला फारसं आवडायचं नाही.

जग म्हणजे चाळिशीचे बाप्ये. ऑफिसात साहेब, घरी दोन पोरांचे बाप, आणि इथे येणार ते डबडं रुमालात असं गुंडाळून, जणू आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ. कुणाचं चालू केलं की पडदा काळाच. कुणाचं कंपनीचं चिन्ह दाखवून तिथेच गोठलेलं. कुणाच्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ, कार्ड सापडत नाही. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच.

"मी काहीच केलं नाही हो. आपोआप बंद पडलं."

"आपोआप फक्त केस पिकतात," लवंगी म्हणायची. "कार्ड काढलं होतंत?"

"नाही."

"चालू असताना काढलं होतंत?"

"म्हणजे... एकदाच."

अशा वेळी ती चष्म्यावरून जी नजर टाकायची, ती झुरळावर चप्पल उचलताना असते तशी असायची. दहातल्या नऊ डबड्यांचं दुखणं त्या नखाएवढ्या मेमरी कार्डात असायचं. यंत्र चालू व्हायला जे काही लागतं ते सगळं त्यावर, आणि कार्डं येतानाच हलक्या मालाची. दादाला हे पक्कं माहीत होतं. तरी तो गिऱ्हाइकाला हसून सांगायचा, "आतलं कार्ड एकदम ओरिजिनल." दादाचं हसू तिने लहानपणापासून पाहिलं होतं. हौदात पोहायला शिकवतो म्हणून ढकलून देणाऱ्याचं हसू.

सहा वर्षांत तिची पद्धत ठरून गेली होती. डबडं चटईवर पालथं घालायचं, मागचं झाकण काढायचं, कार्ड बदलायचं, तसंच चालू करायचं. सुरुवातीची धून वाजली की झाकण लावून काउंटरवर. नाही वाजली तर वर 'मेलेलं' अशी चिठ्ठी आणि टेबलाखालच्या खोक्यात. गिऱ्हाइकाचं पुराण ऐकायची गरजच काय?

अशात एके दिवशी दुपारी शिंपीणबाई आल्या. पलीकडच्या गल्लीत कोपऱ्यावर त्यांचं शिवणाचं दुकान होतं. सत्तरीच्या आसपास वय, गळ्यात टेप, मनगटाला टाचण्यांची उशी. आपलं डबडं त्यांनी काउंटरवर ठेवलं. रुमालबिमाल काही नाही.

"वरून ठोकळे पडतात तो खेळ खेळते मी," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना विसावा मिळतो. हे सरळ धरून चालू केलं तर पडदा काळा. उपडं धरून केलं तर चालू होतं."

काचेमागे लवंगी मोठ्याने हसली. "आजी, ही काय औषधाची बाटली आहे, उलटीपालटी करून घ्यायला?"

"आजी कोणाची? बाई म्हण. मी सांगितलं ते करून बघ."

"कार्ड गेलंय. बदलते."

तिने ते नेहमीप्रमाणे पालथं घातलं, कार्ड बदललं, धून वाजली. यंत्र परत देताना तोंडावर लिहिलेलं होतं, झालं समाधान? शिंपीणबाईंनी जुनं कार्ड मागून घेतलं.

"काय करणार त्याचं?"

"तुटकं बटणसुद्धा मी गिऱ्हाइकाला परत देते. माल त्याचा असतो."

चार दिवसांनी त्या पुन्हा हजर. तेच दुखणं. लवंगीने ऐकूनही घेतलं नाही. मधेच बंद केलं असणार, दुसरं काय. दुसरं कार्ड, पुन्हा धून, पुन्हा परत. "आता नीट वापरा," असंही वर सुनावलं. जाताना शिंपीणबाई एकच वाक्य बोलल्या, "तू ते हातात सरळ धरून एकदाही चालू केलं नाहीस." लवंगी मनात म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या खेपेला त्या काउंटरपाशी थांबल्याच नाहीत. दादा "या, या" करत उठेपर्यंत त्या काचेच्या आत आल्या आणि त्यांनी निळ्या चटईवर तीन वस्तू मांडल्या. डबडं, दादाची दोन नवी कार्डं, आणि घडी घातलेला एक कागद. कागदात मोहरीएवढी काळी टिकली होती.

"हे काय?" लवंगीने विचारलं, पण विचारता विचारताच तिला कळलं. बटणाखालच्या रबराला चिकटलेली असते ती टिकली. बटण दाबलं की ती खालच्या पट्टीला टेकते आणि यंत्राला कळतं, बटण दाबलंय.

"शिवणयंत्राच्या स्क्रूड्रायव्हरने उघडलं मी," शिंपीणबाई म्हणाल्या. "कोपऱ्यातल्या त्या बारक्या बटणाखालची टिकली सुटून आत पडली होती. सरळ धरलं की पट्टीवर जाऊन बसायची. उपडं धरलं की बाजूला व्हायची. टिकली काढून टाकली. आत माझं जुनंच कार्ड आहे. कर चालू. सरळ धरून."

लवंगीने सरळ धरून चालू केलं. धून वाजली, ठोकळे पडायला लागले. ते बारकं बटण दाबून ठेवून सुरू केलं की हे यंत्र दुसऱ्याच कुठल्याशा कामाला लागतं आणि काळा पडदा दाखवत वाट बघत बसतं, हे तिला सहा वर्षांपासून माहीत होतं. तिच्या चटईवर प्रत्येक डबडं पालथं असायचं, म्हणून तिथे ते हटकून चालायचं.

तिच्या तोंडून भलतंच निघालं. "तुम्ही उघडलंत? मग हमी गेली."

शिंपीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. लवंगीला ती नजर ओळखीची वाटली. फक्त ती आजवर तिच्याकडे कोणी टाकली नव्हती.

"गिऱ्हाईक खोटं बोलतं, हे काय मला ठाऊक नाही?" त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं बायका सांगताहेत, माझं माप तेच आहे हो. एकीचंही तेच नसतं. पण मी टेप लावते. तू टेप न लावताच कापत सुटलीस. आणि हात एवढा चांगला! लाज वाटली मला, तो हात बघून."

दादा मधे पडला. "बाई, आपण तुम्हाला एक नवीनच देऊ..."

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

शिंपीणबाई डबडं उचलून गेल्या. कार्डं तिथेच राहिली.

दोन दिवस लवंगी चिमटे आपटत राहिली. शिंपिणीचा राग आला, त्या टिकलीचा आला. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्याबरोबर तिने टेबलाखालचं खोकं बाहेर ओढलं. आत तेवीस मेलेली डबडी होती. एकेक सरळ धरून, आडवं धरून, प्रत्येक बटण दाबून, प्रत्येक पट्टी स्पिरिटने पुसून तिने तपासलं. संध्याकाळपर्यंत नऊ जिवंत निघाली. एकाची बॅटरीची पट्टी वाकलेली. तिघांत टिकली सुटलेली, तीही आत अशी अडकलेली की पालथं घालूनही हलू नये. पाचांमध्ये नुसता चहाचा चिकटा. कानाच्या यंत्रात असलं काही तिच्या नजरेतून सुटलं असतं तर तिने स्वतःला त्याच दिवशी कामावरून काढलं असतं.

दादाला सांगितलं तर तो आधी दाराकडे बघून मग कुजबुजला, "कोणाला सांगू नकोस. त्या सगळ्यांनी आपल्याकडूनच नवीन घेतलंय."

"म्हणूनच सांगणार आहे."

"दुकानाचं नाव जाईल."

"असलेलं जातं, दादा."

दादा तोंड फिरवून बसला. वहिनीने घरी तिच्याशी बोलणं टाकलं, त्याचं लवंगीला वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. तिने वहीतून नंबर काढले आणि एकेकाला फोन लावला. माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे ती मागण्याची तिची तऱ्हाही वेगळी होती.

"तुमचं डबडं मेलं असं मी सांगितलं होतं. मेलेलं नाही. चूक माझी. येऊन घेऊन जा. आणि आल्यावर भाषण करू नका."

आठ जण आले. एक जण काउंटरवर पडदा उजळलेला बघून रडायलाच लागला. लवंगीने दादाच्या काउंटरवरचं फडकं त्याच्याकडे फेकलं. "यंत्रावर थेंब पाडू नका. अशानेच बिघडतात." दुसरा भांडला, नवीन घेतलेलं परत घ्या म्हणाला. तिने दादाकडे बोट दाखवलं आणि दादाला ते परत घ्यावं लागलं. त्या संध्याकाळी दादाचं हसू बघण्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात तिने आपलं टेबल काचेमागून उचलून पुढे दारापाशी आणलं. आता येणाऱ्याने तिच्यासमोर बसून, आपल्याच हाताने यंत्र चालू करून दाखवायचं, आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगायचं. ती ऐकायची. चेहरा पूर्वीइतकाच कडू, पण ऐकायची. पहिल्या आठवड्यात तिघे तिचा चेहरा बघून जिन्यावरूनच परत गेले. दादाने ते बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "जाऊ देत. ज्यांना खरंच बिघाड आहे ते बसतात."

शिंपिणीच्या दुकानावरून ती रोज जायची. आत कधी गेली नाही. एकदा बाईंनी मान वर करून पाहिलं, तिनेही पाहिलं, मग बाईंनी पुन्हा शिवणात मान घातली आणि ती पुढे निघाली.

नवव्या नंबरवर मात्र भलताच माणूस बोलला. तो नंबर आता त्याचा होता आणि त्याआधी कोणाचा होता हे त्याला ठाऊक नव्हतं. ते शेवटचं हिरव्या रंगाचं डबडं लवंगीच्या खणात पडून आहे. दर महिन्याला ती ते काढते, बॅटरी फुगू नये म्हणून तासभर चार्जिंगला लावते, चालू होतं का पाहते आणि बंद करून परत ठेवते.