शाळा कुठली?

मुलगी बोलताना अडखळते. तिसरीत असताना वर्गात तिची नक्कल व्हायची, आणि बाई ती थांबवायच्या ऐवजी हसायच्या. दोनदा शाळेत जाऊन सांगितलं, काही फरक पडला नाही. मग मी तिला शाळेतून काढलं. इथं गावात, कन्हेरीत, घरीच शिकवते.

त्यावर सगळ्यांत जास्त बोलले माझे चुलत दीर. वालचंदनगरला एका लग्नात पंगतीत, मुलगी शेजारी बसलेली असताना म्हणाले, "वहिनी, पोरगी माणूसघाणी हुईल. चार पोरींत मिसळाय नको व्हय?" मुलीनं ताटातली जिलबी तशीच ठेवली. मी गप्प राहिले. त्याचा अजून राग येतो, माझाच.

खरं तर ती रोज संध्याकाळी गावातल्या पोरींबरोबर खो-खो खेळायची. पाठीवर थाप मारून "खो" म्हणायचं असतं. त्या एका शब्दाला ती कधी अडखळली नाही.

यंदा वरकुट्याच्या जत्रेत मुलींचे सामने ठेवले. आमच्या पोरींनी हिलाही संघात घेतलं. नावं लिहायला टेबलाशी बसले होते तेच दीर, पंच म्हणून बोलावलेले.

"शाळा कुठली?"

"घरी शिकते, तुम्हाला माहीत आहे."

"मग न्हाय जमायचं. शाळेच्याच पोरी घ्यायच्या, असं ठरलंय."

"भावजी, पोरींत मिसळत नाही म्हणून तुम्हीच बोलला होतात ना? आता ती मिसळायला आलीय, तर तुम्हीच हाकलताय!"

रांगेतले लोक बघायला लागले. ते वहीतून मान वर न काढता म्हणाले, "नियम हाय, वहिनी."

गावच्या जत्रेत कसला नियम? मुलगी दोरीबाहेर उन्हात बसून पूर्ण सामना बघत होती. परतताना एसटीत म्हणाली, "आई, मी शा... शाळेत गेले, तर घेतील?"

"जायचंय तुला?"

तिनं जोरात मान हलवली. नाही.

दुसऱ्या रविवारी मी आमच्या मोकळ्या रानात फक्कीनं पट्टे आखले, खांब रोवले आणि घरोघर जाऊन सांगितलं, ज्या पोरीला खेळायचंय तिनं यावं, शाळा विचारणार नाही. चौदा जणी आल्या. त्यात दिरांची धाकटीही होती, आमच्याच गावातल्या त्यांच्या वस्तीवरून सायकल मारत आलेली. आता त्या दर रविवारी येतात.

अंधार पडायच्या सुमारास दीर लेकीला न्यायला येतात आणि बांधावरच थांबतात. मी त्यांना अजून चहाला बोलावलेलं नाही.