दोन नंबरचं इंजिन

गॅस टर्बाइनच्या कंट्रोलमध्ये मी पुढे बरीच वर्षं काढली, पण त्या कामात शिरलो तो अलिबागच्या एका छोट्या वीजघरातून, आणि तेही एक चूक करून.

एकोणीसशे साठनंतरची पहिली वर्षं. नागावला भाताच्या गिरणीचं इंजिन चालवलं होतं, तेवढ्या जोरावर मला वीजघरात ऑइलमन म्हणून घेतलं. तिथे दोन डिझेल इंजिनं होती आणि ती सांभाळायला आगरदांड्याचे एक वयस्कर मिस्त्री. त्यांचं अर्धं आयुष्य बोटींच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. ऐकायला कमी यायचं, पण इंजिनावर तळहात ठेवून कुठला सिलिंडर बिघडलाय ते सांगायचे.

एका वर्षी दोन नंबरचं इंजिन झुलायला लागलं. वेग वाढायचा, उतरायचा, पुन्हा वाढायचा, आणि गावातले दिवे त्याबरोबर मोठे-बारीक व्हायचे. मिस्त्रींनी नोझल बदलले, फिल्टर धुतले. फरक पडेना. मी मात्र गव्हर्नरकडे बघत राहायचो. लोड वाढला की इंजिनाला जास्त तेल सोडायचं, कमी झाला की आवरायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. त्याच्या कुशीला एक बारीक स्क्रू होता. खोड तिथेच आहे, अशी माझी खात्री झाली.

एका दुपारी मिस्त्री जेवायला गेले असताना मी तो स्क्रू उघडला. इंजिनाचा वेग असा उसळला की सेफ्टीच्या खटक्यानेच ते बंद पाडलं. अर्ध्या गावाची वीज गेली. बर्फाच्या कारखान्याचा माणूस सायकल मारत आला. मासळीच्या होड्या नुकत्याच बंदराला लागल्या होत्या आणि बर्फ हवा होता. तेवढ्यात मिस्त्रीही आले.

"मीच केलं," मी म्हणालो.

"किती फिरवलास?"

"दोन फेरे."

"मोजलेस ना? मग तेवढेच उलटे फिरव."

मॅनेजरला त्यांनी खरं तेच सांगितलं. आठ दिवस मला इंजिनाला हात लावायची बंदी झाली. फरशी पुसता पुसता मी बघत असे. गव्हर्नरचा दांडा हलायचा, पण इंजिनाला तेल सोडणारी सळई किंचित उशिरा हलायची. दोघांच्या सांध्यातली पिन झिजली होती. मी मिस्त्रींना बोलावून ती दाखवली. मिस्त्रींनी तिथे बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"व्हय, खेळतेय. इथं आपण बघितलाच न्हाय."

नवी पिन बसली. मग त्यांनी स्क्रू माझ्याकडूनच फिरवून घेतला, एका वेळी पाव फेरा. तिसऱ्या वेळी इंजिन स्थिर झालं.

पुढे मुंबईच्या एका मोठ्या वीजकेंद्रातले इंजिनिअर पाहणीला आले. गव्हर्नर इतका नीट कोणी जुळवला, असं त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं. साहेब म्हणाले, "आमच्याकडे टर्बाइनवर माणूस हवाय. अर्ज कर."

माझ्याकडे डिप्लोमा नव्हता. मुलाखतीत विचारलं, "कधी काही बिघडवलं आहेस?" मी दोन फेऱ्यांची हकीकत सांगितली. एक जण हसला. दुसऱ्याने कागद पुढे सरकवला आणि पिन कशी सापडली ते काढून दाखवायला सांगितलं.

महिन्याने नेमणुकीचं पत्र आलं. मिस्त्रींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"मग दोन नंबर कोण बघील?"

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका नव्या माणसाला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "जायच्या आधी याला शिकव."

शिकवणं मला फारसं जमलं नाही; स्क्रू मात्र मी त्याच्याकडूनच फिरवून घेतला, एका वेळी पाव फेरा.